तंबाखूच्या शेतकऱ्याने मांडले ग्रहणाचे गणित

पन्नाशी उलटली की माणूस म्हणतो, आता काय शिकायचे राहिले? पोरं शिकतील, आपण आपली गुरं-वासरं सांभाळावी. पारावर, चावडीवर हे रोज ऐकू येते. असे म्हणणाऱ्या शेतकरी बंधूंना बेंजामिन बॅनेकर या अमेरिकन शेतकऱ्याची हकिगत सांगावीशी वाटते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी याने उसनी आणलेली खगोलशास्त्राची पुस्तके उघडली. शिकवायला कोणी नव्हते, शाळा तर लहानपणीच सुटलेली. पुस्तकातले गणित येत नव्हते, ते आधी स्वतःच शिकला. आणि साधारण वर्षभरात सूर्यग्रहण कधी लागेल, किती लागेल याची आकृती कागदावर मांडून मोकळा झाला. त्या काळी त्याच्या रंगाच्या माणसाला गणित येऊच शकत नाही, असे मोठमोठे लोक छापून सांगत होते. म्हणून ही नुसती हुशारीची गोष्ट नाही.

सात हजार पौंड तंबाखूची जमीन

बेंजामिनचा जन्म ९ नोव्हेंबर १७३१ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड प्रांतात, बाल्टिमोर परगण्यात झाला. तेव्हा तिथे इंग्रजांचे राज्य होते. तंबाखू हे मुख्य पीक. शेतावर राबायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम असत. बेंजामिनचा बाप रॉबर्ट आधी गुलाम होता, पुढे स्वतंत्र झाला. आई मेरी जन्मानेच स्वतंत्र होती, त्यामुळे पोरगाही स्वतंत्र जन्मला. कायदा असा होता की पोराची अवस्था आईवरून ठरायची. आई गुलाम तर पोर गुलाम.

१७३७ साली रॉबर्टने पटॅप्स्को नदीच्या खोऱ्यात १०० एकर जमीन विकत घेतली. किंमत ठरली ७ हजार पौंड तंबाखू, म्हणजे आजच्या मापात जवळपास ३२ क्विंटल. त्या प्रांतात तंबाखू हेच चलन होते. सरकारी देणेसुद्धा लोक तंबाखूत भरत. रॉबर्टने खरेदीखतात स्वतःच्या नावाबरोबर पोराचेही नाव घातले. बेंजामिन तेव्हा पुरता सहा वर्षांचाही नव्हता. आपल्यामागे जमिनीवर कोणी हक्क सांगू नये, पोराला कोणी गुलाम म्हणून ओढून नेऊ नये, एवढी दूरदृष्टी त्या बापाला होती. सात-बारावर नाव असण्याची किंमत ज्याला कळते त्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आजीने त्याला बायबलवरून अक्षरे शिकवली असे सांगतात. थोडे दिवस तो जवळच्या शाळेत गेला, तीही हिवाळ्यात शेतीकाम नसताना. अंगाने वाढला तशी शाळा सुटली आणि हातात कुदळ आली. पुढे १७५९ मध्ये बाप वारला आणि सगळी शेती याच्या अंगावर पडली. तंबाखूचे पीक म्हणजे कष्टाचे काम. रोपे तयार करा, लावणी करा, शेंडे खुडा, किडे वेचा, पाने वाळवा. गणिताला वेळ मिळायचा तो दिवेलागणीनंतरच.

लाकडात कोरलेले घड्याळ

१७५३ च्या सुमारास, म्हणजे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, त्याने कुणाचे तरी खिशातले घड्याळ उसने आणले. ते उघडले, आतली चाके पाहिली, दाते मोजले, कागदावर चित्र काढले आणि घड्याळ परत केले. मग लाकडाची चाके चाकूने कोरून मोठे घड्याळ बनवले. ते तासाला ठोकेही देत असे. हे घड्याळ तो मरेपर्यंत, पन्नास वर्षांवर चालले.

यात गणित कुठे आले, असे कोणी म्हणेल. मिनिटाचा काटा बारा फेरे घेतो तेव्हा तासाचा काटा एक फेरा घेतो. हा बारास एकचा हिशेब चाकांच्या दात्यांतून साधावा लागतो. एका चाकाला किती दाते, त्याला लागून फिरणाऱ्या चाकाला किती, हे सगळे त्रैराशिक आहे. एक दाता चुकला तर घड्याळ रोज तितकेच चुकणार. ठोक्यांचेही तसेच. एकला एक, दोनला दोन, असे बारा तासांत एकूण ७८ ठोके पडायला हवेत, ना एक कमी ना एक जास्त. लहान यंत्रावरून मोठे करायचे तर सगळी मापे एकाच प्रमाणात वाढवावी लागतात. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. आजूबाजूचे लोक ते घड्याळ पाहायला येत.

शंभर जनावरांचे कोडे

त्याच्या वहीत गणिताची कोडी लिहिलेली सापडतात. त्या काळात लोक एकमेकांना अशी कोडी पाठवत आणि उत्तराची वाट पाहत. त्यातले एक आपल्या बाजाराच्या दिवशी घालण्यासारखे आहे. मालकाने गड्याला १०० पौंड दिले आणि बरोबर १०० जनावरे आणायला सांगितले. बैल ५ पौंडाला, गाय २० शिलिंगला, मेंढरू १ शिलिंगला. त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग होत. तिन्ही प्रकारची जनावरे हवीत. तर किती बैल, किती गायी, किती मेंढरे?

सोडवायची रीत अशी. सगळा हिशेब शिलिंगमध्ये करा. हातात आहेत २ हजार शिलिंग. आधी समजा शंभरच्या शंभर मेंढरेच घेतली, तर गेले १०० शिलिंग. उरले १,९००. आता एक मेंढरू परत करून गाय घेतली की १९ शिलिंग जास्त लागतात. मेंढराऐवजी बैल घेतला की ९९ जास्त. हे १,९०० शिलिंग असे १९-१९ च्या आणि ९९-९९ च्या हप्त्यांत बरोबर संपले पाहिजेत. १,९०० ला १९ ने भाग जातो, पण ९९ ला जात नाही. म्हणून बैलांची संख्याच १९ ने भाग जाणारी हवी. १९ बैल घेतले तर १,८८१ शिलिंग लागले, उरले १९, म्हणजे एक गाय. बाकी ८० मेंढरे. ताळा करून पाहा. बैलांचे ९५ पौंड, गाईचा १ पौंड, मेंढरांचे ८० शिलिंग म्हणजे ४ पौंड. झाले शंभर.

अशा कोड्यांनी त्याचे डोके धारेला लागले. आधी एक अंदाज धरायचा, तो किती चुकतो ते पाहायचे आणि त्या चुकीवरून खरे उत्तर काढायचे, ही पद्धत त्याच्या अंगवळणी पडली. पुढे आकाशाच्या हिशेबात तीच कामाला आली.

गिरणीवाले शेजारी

१७७१-७२ च्या सुमारास एलिकॉट नावाच्या भावांनी पटॅप्स्कोच्या काठी जमिनी घेऊन पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या उभ्या केल्या. हे लोक क्वेकर पंथाचे. तंबाखूने तिथल्या जमिनी थकल्या होत्या. तंबाखू सोडून गहू पेरा, असा आग्रह एलिकॉट मंडळींनी शेतकऱ्यांकडे धरला. जिप्सम दळून शेतात टाकण्याचा प्रसारही त्यांनी केला. आज आपण ज्याला कृषी विस्तार म्हणतो तेच काम हे गिरणीवाले करत होते. गिरणीवरच्या मजुरांना भाजी, कोंबड्या, मध पुरवायचे काम बॅनेकरच्या घरचे करू लागले. त्यातून ओळख झाली. गिरण्यांचे बांधकाम, पाणचक्क्या, धान्य वर चढवणारी यंत्रे पाहायला बॅनेकर तासन्‌ तास उभा राहायचा.

या घराण्यातला जॉर्ज एलिकॉट बॅनेकरपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी लहान. त्याला आकाश निरखण्याचा नाद होता. १७८८ च्या सुमारास त्याने बॅनेकरला एक दुर्बीण, आकृत्या काढायची साधने, एक टेबल आणि खगोलशास्त्राची काही पुस्तके वापरायला दिली. सवडीने येऊन समजावून सांगतो असे त्याने ठरवले होते. पण कामाच्या रगाड्यात त्याचे येणे लांबले. तोवर बॅनेकर स्वतःच पुस्तकांत शिरला होता.

त्यातले एक पुस्तक जेम्स फर्ग्युसनचे. हा फर्ग्युसन मुळात स्कॉटलंडमधल्या कुळाचा पोरगा. लहानपणी मेंढरे राखायचा. रात्री शेतात घोंगडी पांघरून पडायचा आणि दोऱ्यात ओवलेले मणी सरकवून दोन ताऱ्यांमधले अंतर मोजायचा. त्यामुळे त्याचे पुस्तक साध्या माणसाला कळेल असे होते. दुसरे पुस्तक लेडबेटर या इंग्रजाचे, तर टोबायस मायर या जर्मन गणितज्ञाची चंद्राच्या गतीची कोष्टकेही होती. ही दोन्ही मात्र सोपी नव्हती.

ग्रहण मांडायचे म्हणजे काय

सूर्यग्रहण अमावस्येला लागते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग दर अमावस्येला का लागत नाही? कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या दोन वाटा दोन ठिकाणी एकमेकींना छेदतात. आपल्या पंचांगात त्या छेदनबिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. अमावस्येच्या वेळी सूर्य यांपैकी एका बिंदूच्या साधारण १५ ते १८ अंशांच्या आत असेल तरच ग्रहण शक्य. त्यात हे बिंदूही एका जागी थांबत नाहीत. उलट्या दिशेने सरकत सुमारे साडेअठरा वर्षांत आकाशाचा फेरा पुरा करतात.

आता हिशेबाची पायरी बघा. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे जातात. ही सरासरी धरून अमावस्येची वेळ काढली की ती काही तासांनी चुकते, कारण चंद्र सारख्या चालीने चालत नाही. पृथ्वीजवळ असला की झपाझप, लांब असला की रेंगाळत. सूर्याची दिसणारी चालही वर्षभरात कमी-जास्त होते. म्हणून सरासरी वेळेला एकामागून एक दुरुस्त्या लावायच्या. प्रत्येक दुरुस्तीसाठी कोष्टकात बघायचे, दोन आकड्यांच्या मधली किंमत त्रैराशिकाने काढायची, अंश-कला-विकला यांची बेरीज-वजाबाकी करायची. मोठमोठे गुणाकार टाळण्यासाठी लॉगरिदमची कोष्टके वापरायची. त्यात गुणाकाराचे काम बेरजेवर भागते, पण ती रीत आधी समजली पाहिजे. मग त्रिकोणमिती. आपल्या गावाचे अक्षांश धरून, सूर्यावरून पाहिले तर पृथ्वी कशी दिसेल याचे वर्तुळ काढायचे. त्यावर गावाची वाट आखायची. त्यावरून चंद्राच्या सावलीची वाट काढायची. दोन्ही वाटा कुठे जवळ येतात त्यावरून ग्रहणाची सुरुवात, मध्य आणि शेवट ठरतो.

हे सगळे बॅनेकरने एकट्याने, त्या उसन्या टेबलावर बसून शिकून घेतले. १७८९ मध्ये त्याने सूर्यग्रहणाची आकृती काढून जॉर्ज एलिकॉटकडे पाठवली. जॉर्ज चकित झाला. आकृतीत एक छोटी चूक होती, ती त्याने दाखवली. बॅनेकरने चूक कुठून आली याचा मुळापर्यंत शोध घेतला. तेव्हा दिसले की फर्ग्युसन आणि लेडबेटर या दोघांच्या रीती एका ठिकाणी जुळत नाहीत. त्याने तसे ऑक्टोबर १७८९ मध्ये जॉर्जला पत्राने कळवले. पुस्तकात छापले म्हणजे खरेच, असे न मानता दोन पुस्तके शेजारी ठेवून ताळा बघणारा हा विद्यार्थी होता.

रात्रभर तो अंगाभोवती पांघरूण लपेटून बाहेर पडून राहायचा आणि तारे बघायचा. मग दिवसा झोपायचा. दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोकावले तर हा बिछान्यात. साहजिकच आळशी म्हणून त्याचा बोभाटा झाला, असे सांगतात. लग्न केलेले नव्हते, आई वारली होती, बहिणी जवळपास राहत. संधिवाताने अंग धरले होते आणि तंबाखूचे कष्ट झेपेनासे झाले होते. शरीर थकले तेव्हाच डोके नव्याने कामाला लागले.

राजधानीची मोजणी

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नवी राजधानी वसवायचे ठरले. त्यासाठी प्रत्येक बाजू १० मैल असा चौकोन आखायचा होता. हे काम जॉर्जचा चुलत भाऊ मेजर अँड्र्यू एलिकॉट याच्याकडे आले. खगोलशास्त्र जाणणारा मदतनीस हवा होता. फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याने बॅनेकरला बरोबर नेले. बॅनेकरचे वय तेव्हा ५९.

मोजणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साखळी आणि झेंडे येतात. पण एवढ्या मोठ्या हद्दीचा पहिला बिंदू ठरवायला तारे लागतात. तंबूत मोठी दुर्बीण उभी करायची, तंबूच्या छपराला भोक ठेवायचे आणि डोक्यावरून जाणारे तारे पाहून जागेचे अक्षांश काढायचे. यासाठी अचूक घड्याळ हवे. ते घड्याळ सांभाळणे, थंडी-उन्हाचा त्यावर परिणाम होऊ न देणे, सूर्यावरून त्याची वेळ तपासणे आणि रात्री ताऱ्यांच्या नोंदी घेणे ही कामे बॅनेकरकडे होती. १५ एप्रिल १७९१ रोजी अलेक्झांड्रियाजवळ जोन्स पॉइंट येथे हद्दीचा पहिला दगड समारंभाने बसवला. पुढे दर मैलाला एक असे ४० दगड बसले. त्यांतले बरेच आजही जागेवर आहेत. एप्रिलअखेर बॅनेकर घरी परतला. या कामाचे त्याला ६० डॉलर मिळाले.

इथे एक सांगायला हवे. राजधानीचा नकाशा काढणारा फ्रेंच इंजिनिअर भांडून निघून गेला आणि बॅनेकरने सगळा नकाशा आठवणीने पुन्हा काढला, अशी दंतकथा बऱ्याच ठिकाणी छापून येते. त्याला आधार नाही. तो इंजिनिअर १७९२ मध्ये गेला, तेव्हा बॅनेकर कधीच घरी परतलेला होता. त्याने जे खरोखर केले तेवढेच पुरेसे मोठे आहे. त्याला खोट्या दागिन्याची गरज नाही.

मंत्र्याला पत्र

घरी येताच त्याने १७९२ सालच्या पंचांगाचे गणित पुरे केले. त्या काळी अमेरिकेत घरोघर दोन पुस्तके असत, बायबल आणि पंचांग. सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहणे, ग्रहांच्या जागा, हवामानाचे अंदाज, भरती-ओहोटी, कोर्टाच्या तारखा, औषधाचे उपाय, सगळे त्यात असे. शेतकरी, खलाशी आणि व्यापारी तिघांचे त्यावर काम चाले. १७९१ सालासाठीही त्याने गणित केले होते, पण छापणारा मिळाला नव्हता.

या वेळी त्याने छापण्याआधी एक धाडस केले. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने पंचांगाची हस्तलिखित प्रत थॉमस जेफरसनला पाठवली आणि सोबत लांबलचक पत्र लिहिले. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री होता. सगळी माणसे समान आहेत असे सांगणारा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच जेफरसनने लिहिला होता. पण त्याच्या स्वतःच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. काळ्या माणसाची बुद्धी कमी असते, भूमितीतला युक्तिवाद त्याला झेपत नाही, अशा अर्थाचे मतही त्याने पुस्तकात छापले होते.

बॅनेकरने नम्र भाषेत, पण आडपडदा न ठेवता त्याला विचारले की, इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध तुम्ही समतेचे तत्त्व मांडले, तर त्याच वेळी आमच्या इतक्या बांधवांना बळाने दास्यात का ठेवता? मग पुराव्यादाखल पंचांग पुढे ठेवले. हे गणित मी स्वतः केले आहे, तपासून घ्या, असा त्याचा रोख होता. नुसते गाऱ्हाणे घातले नाही. ज्या गोष्टीत आम्ही कमी आहोत असे तुम्ही म्हणता, तीच करून दाखवली. एका साध्या शेतकऱ्याने देशाच्या मंत्र्याला असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते.

३० ऑगस्टला जेफरसनचे उत्तर आले. ते सौजन्याचे होते. पंचांग आपण पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा चिटणीस काँदोर्से याच्याकडे पाठवत आहोत, असे त्याने कळवले. पण गुलामांच्या प्रश्नावर काही करण्याचे आश्वासन त्यात नव्हते. पुढे १८०९ मध्ये, बॅनेकर वारल्यावर, एका खासगी पत्रात त्याने शंका घेतली की या माणसाला एलिकॉटची मदत असावी. मेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मात्र उत्तर देणारी एक वस्तू मागे उरली होती. तिचे पुढे सांगतो.

पंचांगकर्ता शेतकरी

छापण्याआधी पंचांगाचे गणित डेव्हिड रिटेनहाउस या त्या वेळच्या अमेरिकेतल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाकडे तपासायला गेले. त्याने ते उत्तम ठरवले. गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी पाठबळ दिले आणि १७९२ चे पंचांग बाल्टिमोरला छापले गेले. मुखपृष्ठावर बॅनेकरचे नाव होते. १७९७ पर्यंत ओळीने सहा वर्षे त्याची पंचांगे निघाली. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, रिचमंड अशा गावांत मिळून दोन डझनांवर आवृत्त्या झाल्या. जेफरसनबरोबरचा पत्रव्यवहारही छापून लोकांपुढे आला. पुढे छपाई थांबली तरी बॅनेकरने आणखी काही वर्षांचे गणित करून ठेवले.

वहीतली शेती

त्याच्या नोंदवहीत शेतकऱ्याने वाचावे असे बरेच आहे. १७४९ साली, तो सतरा वर्षांचा असताना, शेतात सिकाडा नावाचे किर्र आवाज करणारे किडे अमाप निघाले. लोक त्यांना टोळ म्हणत. हे सगळे खाऊन टाकणार या भीतीने त्याने ते मारायचा सपाटा लावला, पण ते संपेनात. मग लक्षात आले की हे पीक फस्त करत नाहीत. माद्या झाडाच्या कोवळ्या फांद्यांत अंडी घालतात, त्यामुळे फांदीचा शेंडा वाळून गळतो, एवढेच नुकसान. मग ते दिसेनासे झाले. १७६६ मध्ये पुन्हा आले, १७८३ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा अंतर १७ वर्षांचे. त्यावरून १८०० साली ते परत येतील असे त्याने वहीत लिहून ठेवले. एका किडीचा सतरा वर्षांचा फेरा पन्नास वर्षे मनात आणि कागदावर जपून त्याने हे काढले.

१७९७ च्या जानेवारीतली दुसरी नोंद. ऊबदार दिवस पाहून मधमाश्या बाहेर पडल्या होत्या, एका पेटीत मात्र शुकशुकाट. उघडून पाहिले तर माशी नाही आणि मधाचा थेंबही नाही. फेब्रुवारीत शेजारच्या पेट्यांतून मध काढला तर हंगामाच्या मानाने भरपूर निघाला. बळकट पेट्यांनी दुबळी पेटी लुटली, हा निष्कर्ष त्याने काढला. मधमाश्या पाळणाऱ्या आपल्या बांधवांना ही लूट नवी नाही.

तिसरी नोंद अंगावर काटा आणणारी आहे. २७ ऑगस्ट १७९७ रोजी तो दारात उभा होता. बंदुकीचा आवाज आला आणि चार-पाच सेकंदांनी छरे त्याच्याभोवती येऊन पडले, एक-दोन घरालाही लागले. गोळी कुणी झाडली हे त्याने लिहिले नाही. लिहिले ते हे की आवाज आधी आला आणि छरे नंतर, म्हणजे आवाजाचा वेग छऱ्यांपेक्षा जास्त. कुणीतरी आपल्या दिशेने बंदूक चालवतो आणि हा पदार्थविज्ञानाचा नियम टिपून ठेवतो. लांबून येणारे बारीक छरे हवेच्या अडथळ्याने मंदावतात, म्हणून त्याचे निरीक्षण त्या प्रसंगापुरते बरोबरच होते.

राख आणि वही

म्हातारपणी त्याने जमीन टप्प्याटप्प्याने विकली. त्यातली बरीच एलिकॉट कुटुंबाने वर्षाला ठराविक रक्कम देण्याच्या बोलीवर घेतली. राहते घर शेवटपर्यंत त्याच्याकडेच होते. ऑक्टोबर १८०६ मध्ये तो वारला. पंचाहत्तरीला थोडेच दिवस बाकी होते. उसनी आणलेली पुस्तके, साधने आणि टेबल जॉर्ज एलिकॉटला परत करायचे, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे भाच्याने त्याच दिवशी सगळे गाडीतून पोचवले. त्यात हिशेबाची मोठी नोंदवहीही होती. दोन दिवसांनी दफनविधी चालू असतानाच त्याच्या घराला आग लागली. लाकडी घड्याळ, बाकीचे कागद, सगळ्याची राख झाली.

वाचली ती वही. त्याच्या हातची अक्षरे, ग्रहणांच्या आकृत्या आणि गणिते तिच्यात आजही आहेत. मदत कुणाची होती अशी शंका घेणाऱ्यांना तीच उत्तर देते. उसने परत करण्याची सवय नसती तर तीही जळाली असती.

१९८० मध्ये अमेरिकन टपाल खात्याने त्याच्या नावाचे तिकीट काढले. त्याच्या शेताच्या जागी १९९८ पासून स्मारक आणि संग्रहालय आहे.

आपल्याकडे अनेक शेतकरी पाऊस कधी पडला, कीड कधी आली, किती फवारण्या झाल्या हे तोंडी सांगतात. तोंडी सांगितलेले दोन वर्षांत पुसले जाते. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक मंडळींनीही मनावर घेतले तर प्रत्येक गावात पाऊस, विहिरींची पातळी आणि किडी यांची एक वही सहज ठेवता येईल. शंभर पानी वहीला खर्च तो काय? आणि पुस्तकातले गणित अडले तर बॅनेकरसारखे करावे. एक पुस्तक अडले की दुसरे शेजारी उघडावे, अंदाज धरावा, चूक मोजावी, पुन्हा मांडावे.

ज्या किड्यांचा फेरा बॅनेकरने १७४९ पासून मोजायला घेतला, ते २०२१ मध्ये पुन्हा निघाले. १७४९ मध्ये सतरा-सतरा मिळवत जा, २०२१ बरोबर येते. पुढची पाळी २०३८ ची आहे. हिशेब बरोबर मांडला की मांडणारा गेल्यावरही तो चालत राहतो.